एका देहातील दोन व्याधी

रोगी वैद्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : आपल्याला झाले आहे तरी काय? ह्या प्रश्नाचे उत्तरही त्याला एकाच शब्दात हवे असते. रोगाला नाव मिळाले की अर्धी काळजी दूर झाली असे त्याला वाटते, आणि त्याच्या घरच्या माणसांनाही तसेच वाटते. वैद्यकाचे शिक्षणही ह्याच दिशेने झालेले असते. सगळी लक्षणे शक्यतो एकाच कारणाने उलगडावीत, एका रोग्याला विनाकारण दोन रोग चिकटवू नयेत, हा धडा विद्यार्थ्याला आरंभीच दिला जातो. धडा चांगला आहे, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो.

तथापि रोगांचा एक मोठा वर्ग असा आहे की, त्याच्या बाबतीत हा नियम वारंवार अपुरा पडतो. अशी कल्पना करावी की, एखाद्या तरुण स्त्रीचे सांधे दुखू लागतात व चेहऱ्यावर पुरळ उठते. काही वर्षांनी तिचा गर्भ टिकत नाही. आणखी काही वर्षांनी एके सकाळी तिचा उजवा हात उचलला जात नाही. त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मज्जासंस्थेचा तज्ज्ञ असे तिघे तिला तीन वेळा तपासतात आणि तीन नावे देतात. तिन्ही नावे बरोबर असू शकतात. परंतु त्या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असेल तर ती कोणी पाहावयाची? ह्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जासंस्थेवर आणि रक्तवाहिन्यांवर उलटते तेव्हा जे विकार उद्भवतात, ते पुष्कळदा एकेकटे न येता एकाच देहात शेजारीशेजारी का नांदतात, आणि ह्या सहवासाकडे वैद्याने व रोग्याने कसे पाहावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

शरीराच्या ह्या संरक्षक व्यवस्थेला प्रतिरक्षा यंत्रणा असे म्हणतात. बाहेरून आलेले जंतू व विषे ओळखावीत आणि त्यांचा नाश करावा, हे तिचे काम. रक्तातील काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंड विशिष्ट आकाराच्या पदार्थालाच जाऊन चिकटते. दुसऱ्या काही पांढऱ्या पेशी स्वतःच चालून जातात व बाधित पेशींचा नाश करतात. ह्या सगळ्या कारभाराचा पाया म्हणजे ओळख. आपले कोणते आणि परके कोणते हे ज्याला कळत नाही, तो पहारेकरी चोरापेक्षाही घातक ठरतो. ही ओळख चुकल्यामुळे होणाऱ्या रोगांना स्वप्रतिरक्षा रोग म्हणतात. 'ऑटोइम्यून' हा इंग्रजी शब्दही आता दवाखान्यांतून रोग्यांच्या तोंडी रुळला आहे.

अशी चूक घडू शकते हे मान्य करावयास विज्ञानाने बराच काळ घेतला. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एरलिख ह्यांनी १९०१ च्या सुमारास बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचे रक्त टोचले की, त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होत. स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र ती निर्माण होत नसत. देहाला आत्मनाशाचे भय असते आणि म्हणून तो ते टाळतो, असा निष्कर्ष एरलिख ह्यांनी काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०४ मध्ये, व्हिएन्ना येथे डोनाथ आणि लांडश्टायनर ह्यांनी ह्याच्या उलट पुरावा पुढे आणला. थंडी लागल्यावर ज्यांना लालसर लघवी होते अशा काही रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड त्यांना आढळले. परंतु एरलिख ह्यांच्या शब्दाचे वजन एवढे होते की, हा पुरावा एक अपवाद म्हणून बाजूला राहिला.

मज्जासंस्थेने ह्याच काळात आणखी एक पुरावा दिला, आणि त्याचा भारताशी जवळचा संबंध आहे. लुई पाश्चर ह्यांनी १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर प्रथम माणसाला लस टोचली. ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे कसौली येथे काम करणाऱ्या डेव्हिड सेंपल ह्यांनी १९११ मध्ये फेनॉलने निष्प्रभ केलेली लस पुढे आणली. तिच्यासाठी मेंढीचा मेंदू वापरला जाऊ लागला, आणि भारतात कित्येक दशके लक्षावधी लोकांनी तिची पोटात घ्यावयाची इंजेक्शने घेतली. ह्या लसीने असंख्य प्राण वाचविले ह्यात शंका नाही. परंतु थोड्या लोकांना लस घेतल्यानंतर काही दिवसांनी ताप येई, पायांतील शक्ती जाई आणि कधीकधी मृत्यूही येई. हा लांडगेविषाचा विकार नव्हता, कारण ज्यांना पिसाळलेले जनावर मुळी चावलेच नव्हते अशांमध्येही तो दिसून येई.

ह्याचे कारण प्रयोगशाळेत उलगडू लागले ते १९३३ पासून. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. त्या अर्कात कोणताही जंतू नव्हता; तरीही काही माकडांना पक्षाघात झाला आणि त्यांच्या मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण झिजलेले आढळले. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. टोचलेल्या मेंदूतील मायलिनविरुद्ध जागी झालेली प्रतिरक्षा त्या प्राण्याच्या स्वतःच्या मायलिनवर जाऊन आदळली होती. थायलंडमध्ये अशाच लसीमुळे आजारी पडलेल्या रोग्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मायलिनमधील एका विशिष्ट प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात सापडली. भारतात मेंढीच्या मेंदूची ही लस २००४ च्या अखेरीस बंद करण्यात आली व तिची जागा पेशीसंवर्धनापासून केलेल्या निर्धोक लसींनी घेतली. एका उपयुक्त उपायाच्या दुष्परिणामातून वैद्यकाला एवढे तरी कळले की, देहाला स्वतःच्या मज्जासंस्थेविरुद्ध उठविता येते.

रक्तवाहिन्यांची कथा ह्याहूनही जुनी आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कुसमाउल आणि मायर ह्या दोघांनी १८६६ मध्ये एका सत्तावीस वर्षांच्या शिंप्याच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या तरुणाच्या अंगातील शक्ती झपाट्याने गेली होती आणि हातापायांत बधिरता आली होती. त्याच्या मूत्रपिंडांवरही परिणाम झाला होता. मृत्यूनंतर पाहता त्याच्या मध्यम आकाराच्या रोहिण्यांवर ठिकठिकाणी गाठी आढळल्या. रोग रक्तवाहिन्यांचा होता. परंतु हात निकामी झाले ते मज्जातंतू बिघडल्यामुळे. ह्यातील संबंध सोपा आहे. प्रत्येक मज्जातंतूलाही रक्त लागते आणि ते केसाहून बारीक वाहिन्यांतून येते. त्या वाहिन्यांच्या भिंतींना दाह झाला, त्या सुजल्या व बंद पडल्या की, मज्जातंतूची उपासमार होते. मग एखाद्या दिवशी मनगट लोंबू लागते, तर काही आठवड्यांनी पाऊल उचलत नाही. अशा वेळी रोगी मज्जातंतूची तक्रार घेऊन येतो, पण दोष तेथे नसतो.

मोठ्या रक्तवाहिन्यांचा असाच एक विकार आशियात विशेष आढळतो. कानाझावा येथील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू ह्यांनी १९०८ मध्ये एकवीस वर्षांच्या एका मुलीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची विचित्र, माळेसारखी गुंफण पाहिल्याचे सांगितले. त्याच सुमारास ओनिशी आणि कागोशिमा ह्यांनी अशाच रोग्यांत मनगटाची नाडी लागत नसल्याचे नमूद केले. डोळ्यातील खूण आणि हरवलेली नाडी ह्यांचा उगम एकच होता : महारोहिणी आणि तिच्या शाखा ह्यांच्या भिंतींचा दाह. जपानात हा रोग मुख्यत्वे महारोहिणीच्या कमानीत व तिच्या वरच्या शाखांत दिसतो. भारतात उदरातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या रोहिण्या त्यात अधिक सापडतात, आणि म्हणून ऐन तारुण्यात रक्तदाब वाढतो. मुंबईतील शल्यचिकित्सक पी. के. सेन, विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किणरे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अशा १०१ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या विषयावरील भारतीय कामात त्याला मानाचे स्थान आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या की, ह्या रोगात घेरी येते, दृष्टी क्षणभर मंदावते आणि क्वचित तरुणपणीच अर्धांगवायू होतो. नाडीपरीक्षेला आपल्याकडे पूर्वापार महत्त्व आहे. दोन्ही हातांची नाडी चाचपून पाहणे आणि दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजणे, एवढ्या साध्या कृतीने हा रोग वेळीच लक्षात येऊ शकतो.

येथवर मज्जासंस्था आणि रक्तवाहिन्या ह्यांचा वेगवेगळा विचार झाला. आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. हे विकार एकत्र नांदतात ह्या गोष्टीकडे दीर्घकाळ निव्वळ दुर्दैव म्हणून पाहिले गेले. ती दुर्दैवाची बाब असली तरी त्याचबरोबर तो एक पुरावाही आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांत स्कॉटलंडमधील मज्जाविकारतज्ज्ञ जॉन सिम्प्सन ह्यांची गणना करावी लागेल. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या रोगात स्नायू लवकर थकतात. संध्याकाळपर्यंत पापण्या खाली येतात, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, घास चावता चावता जबडा थांबतो. ह्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. सिम्प्सन ह्यांनी आपल्या रोग्यांची टिपणे चाळली तेव्हा त्यांना असे दिसले की, ह्या रोग्यांना कंठातील अवटू ग्रंथीचे विकार, संधिवात, ल्यूपस ह्यांसारखे रोगही अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात होतात. त्यांच्या छातीतील थायमस ग्रंथीत बिघाड असतो. आणि अशा आईचे नवजात मूल कधीकधी काही आठवडे अशक्त राहून मग आपोआप सुधारते, जणू आईच्या रक्तातून आलेले काहीतरी त्याच्या अंगात होते आणि ते ओसरले. ह्या सर्वांवरून त्यांनी १९६० मध्ये असा तर्क मांडला की, मज्जातंतू आणि स्नायू ह्यांच्या सांध्यावर आघात करणारे एखादे प्रतिपिंड ह्या रोगाच्या मुळाशी असले पाहिजे.

ह्या तर्काला आधार देणारे वातावरण तोवर तयार झाले होते. १९५६ मध्ये अमेरिकेत रोझ व विटेब्स्की ह्यांनी सशांमध्ये आणि लंडनमध्ये रॉयट, डोनियाख आदींनी माणसांमध्ये अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली होती. सिम्प्सन ह्यांच्या तर्काची प्रत्यक्ष खातरजमा १९७३ मध्ये झाली. कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम ह्यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या अंगातून ॲसिटिलकोलीनचा संदेश झेलणारा ग्राहक रेणू वेगळा केला व तो सशांना टोचला. ससे अशक्त झाले, मान टाकून पडले, आणि मायस्थेनियाच्या रोग्यांना ज्या औषधाने बरे वाटते त्याच जातीच्या औषधाने पुन्हा उठून बसले. एका रोगाचे खरे स्वरूप त्याच्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या रोगांनी दाखवून दिले होते.

ल्यूपस ह्या रोगाच्या इतिहासात असाच एक प्रसंग आहे, आणि त्याला सामाजिक दुःखाची एक बाजूही आहे. बर्लिन येथे १९०६ मध्ये वासरमान आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उपदंश म्हणजे गरमीच्या रोगासाठी रक्ताची चाचणी शोधून काढली. ही चाचणी सर्वत्र रूढ झाली. सैन्यभरतीपूर्वी व कित्येक ठिकाणी विवाहापूर्वीही ती केली जाऊ लागली. तिच्यात वापरला जाणारा पदार्थ बैलाच्या हृदयापासून काढलेला एक स्निग्ध पदार्थ आहे, हे पुढे कळले. १९४१ मध्ये मेरी पॅंगबॉर्न ह्यांनी तो वेगळा केला आणि त्याला कार्डिओलिपिन हे नाव मिळाले. काही लोकांना उपदंश कधीच झालेला नसूनही त्यांची चाचणी होकारार्थी येई. अशा स्त्रीवर किंवा पुरुषावर केवढा कलंक येत असेल आणि एखाद्या संसारात त्यामुळे काय घडत असेल, ह्याची कल्पना करणे अवघड नाही. १९५० च्या दशकात असे दिसून आले की, ह्या खोट्या होकाराच्या धन्यांपैकी अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पुढे ल्यूपस होतो. त्यांच्या रक्तात अशा स्निग्ध पदार्थांना चिकटणारी प्रतिपिंडे होती.

त्याच सुमारास ल्यूपसच्या काही रोग्यांचे रक्त परीक्षानळीत लवकर गोठत नाही असेही आढळले, आणि ज्यामुळे हे घडते त्याला रक्त गोठू न देणारा घटक असे नाव पडले. नावावरून कोणालाही वाटेल की, अशा रोग्यांना रक्तस्रावाची भीती असावी. देहात मात्र त्याच्या नेमके उलट घडत होते. त्यांच्या नीलांत आणि रोहिण्यांत गुठळ्या होत, त्यांतील काही मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पाडत. वारेतील रक्ताभिसरण बिघडून गर्भपात होत. लंडनमधील ग्रॅहम ह्यूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे सर्व धागे एकत्र आणले. गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात, मेंदूचे विकार आणि ही प्रतिपिंडे ह्यांची एक साखळी आहे असे त्यांनी दाखविले, आणि अँटिफॉस्फोलिपिड लक्षणसमूह ह्या नावाने आज ती ओळखली जाते. आरंभी ज्या तरुण स्त्रीची कल्पना केली, तिच्या तीन दुखण्यांना जोडणारा धागा बहुधा येथेच सापडेल. ल्यूपसच्या सुमारे एकतृतीयांश रोग्यांमध्ये ही प्रतिपिंडे आढळतात. काहींना ल्यूपस नसतानाही हा विकार होतो.

हा धागा सापडणे ही केवळ ज्ञानाची बाब नव्हे. त्यावर उपचाराची दिशा अवलंबून असते. ल्यूपसच्या रोग्याला अर्धांगवायू झाला तर तो रक्तवाहिनीच्या भिंतीला दाह झाल्यामुळे की आत गुठळी अडकल्यामुळे, हे ठरवावे लागते. दाह असेल तर प्रतिरक्षा दडपणारी औषधे द्यावी लागतात. गुठळी असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधे, आणि तीही बहुधा दीर्घकाळ. अशा स्त्रीला दिवस राहिले तर पुन्हा वेगळा विचार करावा लागतो. वॉरफारिन हे नेहमीचे औषध गर्भाला अपायकारक असल्यामुळे त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शने आणि अल्प प्रमाणात ॲस्पिरिन देतात. आणि ज्यांचे गर्भ पूर्वी टिकले नाहीत अशा अनेक स्त्रियांची ह्या उपायाने सुखरूप बाळंतपणे झाली आहेत.

दुसरे उदाहरण मज्जारज्जूचे घेता येईल. फ्रान्समधील लियों येथील युजेन देव्हिक ह्यांनी १८९४ मध्ये दृष्टी आणि पाय ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी गमावणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले. ह्या रोगाला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणतात. तो मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या अधिक परिचित रोगाचाच एक प्रकार असावा असा समज शंभराहून अधिक वर्षे टिकून होता. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये व्हांडा लेनन आणि त्यांचे सहकारी ह्यांना ह्या रोग्यांत एक वेगळेच प्रतिपिंड आढळले. पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्यही सापडले : मेंदूतील आधारपेशींच्या अंगावरील पाण्याचे मार्ग. ह्या पेशींची टोके रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली असतात, म्हणजे आघात होतो तो मज्जाद्रव्य आणि रक्तवाहिनी एकमेकांना भेटतात त्या सीमेवर. हा रोग असलेल्यांपैकी काहींना ल्यूपस अथवा तोंड व डोळे कोरडे पाडणारा शोग्रेन विकार हेही असतात. पूर्वी ल्यूपसच्या रोग्याचे पाय गेले की, ते ल्यूपसमुळेच गेले असे म्हणून विषय संपत असे. आज हे प्रतिपिंड तपासले जाते, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिले जाणारे बीटा इंटरफेरॉन ह्या रोगात उपयोगी तर पडत नाहीच, उलट त्याने रोग बळावू शकतो.

दोन विकार एकत्र असले म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला बाधण्याची भीती नेहमीच असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसमधील एक भरवशाचे औषध आहे. मायस्थेनियाच्या रोग्याची अशक्तता मात्र त्याने वाढू शकते, म्हणून ते जपून द्यावे लागते. संधिवातावर अलीकडे दिली जाणारी, टीएनएफ नावाच्या रेणूला रोखणारी औषधे सांध्यांना आराम देतात, पण मज्जातंतूंचे आवरण झिजण्याचा विकार असेल तर ती टाळली जातात. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रोग्याला प्रथम कॉर्टिसोन दिले, आणि १९५० मध्ये त्या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जातीची औषधे अजूनही ह्या सर्व रोगांत प्राण वाचवितात. तथापि मायस्थेनियात ती आरंभीच मोठ्या मात्रेत दिली तर काही दिवस अशक्तता वाढू शकते. आणि भारतासारख्या देशात, जेथे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात, तेथे ती देण्यापूर्वी व देताना क्षयाकडे लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.

आता एक प्रश्न उरतो : हे रोग मुळात एकत्र का येतात? ह्याचे पूर्ण उत्तर एका कारणात सापडत नाही. काही जनुके अनेक स्वप्रतिरक्षा रोगांत समान आढळतात. ल्यूपसच्या दर दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, ह्यावरून स्त्रीदेहातील संप्रेरके आणि क्ष गुणसूत्र ह्यांचा वाटा असावा असे दिसते. परंतु सगळ्यांत बोलका पुरावा एका दुर्मिळ रोगाने दिला. काही बालकांना, बहुतेक मुलग्यांना, जन्मानंतर लवकरच मधुमेह, आतड्यांचा दाह, त्वचेचे विकार आणि अवटू ग्रंथीचे विकार असे अनेक रोग एकदमच होतात. एकाच फॉक्सपी३ ह्या जनुकातील दोषामुळे हे घडते, असे २००१ मध्ये स्पष्ट झाले. इतर प्रतिरक्षा पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी ह्या जनुकावर अवलंबून असतात. शिमोन साकागुची ह्यांनी ह्या पेशी १९९५ मध्ये दाखवून दिल्या होत्या. जनुकाच्या शोधात मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांचा वाटा होता. ह्या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पहाऱ्याला आवर घालणाराच नसेल तर पहारा एकाच घरावर घाला घालून थांबत नाही, हा त्या बालकांच्या दुखण्याचा अर्थ आहे. मोठ्या माणसांच्या रोगांत दोष इतका ढोबळ नसतो. परंतु जेथे आवर थोडा सैल झाला आहे, तेथे एकामागून दुसरा अवयव त्याच्या तावडीत सापडणे स्वाभाविक ठरते. तेव्हा एका रोग्याला शक्यतो एकच कारण शोधावे, हा जुना धडा खोटा नव्हता. कारण एकच असू शकते. फक्त ते अवयवात न शोधता त्याच्याही मागे जाऊन शोधावे लागते.

ह्याचा अर्थ प्रत्येक दुखण्यामागे हेच कारण पाहावे असा मात्र नव्हे. वृद्ध, मधुमेही आणि उच्च रक्तदाब असलेल्या माणसाचा अर्धांगवायू बहुधा त्याच नेहमीच्या कारणांनी झालेला असतो. रक्तात एखादे स्वप्रतिपिंड आढळले म्हणजे रोग झालाच असेही होत नाही. धडधाकट माणसांतही अशी प्रतिपिंडे अल्प प्रमाणात आढळतात. चाचणीचा कागद रोग्याच्या शेजारी ठेवून वाचावयाचा असतो. वासरमान ह्यांच्या चाचणीने ज्यांना विनाकारण कलंकित केले, त्यांच्या अनुभवाचा बोधही हाच आहे.

वैद्यक जसजसे वाढले तसतसे त्याचे तुकडेही वाढले. डोळ्यांचा वैद्य वेगळा, सांध्यांचा वेगळा, मेंदूचा वेगळा. ज्ञानाच्या वाढीला हे अपरिहार्य होते आणि त्यापासून रोग्यांचा लाभही झाला आहे. परंतु येथे ज्या विकारांचा विचार केला ते ह्या सीमा जुमानत नाहीत. म्हणून अशा रोग्याला सर्व तज्ज्ञांची मते एकत्र करून पाहणारा एक तरी वैद्य हवा, मग तो मोठ्या इस्पितळातील असो की गल्लीतील जुना डॉक्टर असो. रोग्यानेही आपल्या परीने काही गोष्टी पाळाव्यात. जुने कागद फेकून देऊ नयेत. गर्भपात, पूर्वी झालेली गुठळी, अधूनमधून येणारी अंधारी अशा गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात. एका तज्ज्ञाचे औषध दुसऱ्याला दाखवावे. आणि बरे वाटू लागले म्हणून कॉर्टिसोनच्या जातीचे औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये, कारण दीर्घकाळ ते घेतल्यावर शरीर स्वतःचे तसले संप्रेरक तयार करणे जवळजवळ थांबविते आणि औषध अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकते.

ह्या रोगांपैकी पुष्कळ अजून समूळ बरे करता येत नाहीत; परंतु ते आटोक्यात ठेवता येतात, आणि ज्यांना ते झाले आहेत अशी असंख्य माणसे शिकतात, नोकरी करतात, मुलेबाळे वाढवितात. नाडी न लागणारी जपानी मुलगी, हात गमावलेला शिंपी, होकारार्थी चाचणीने बदनाम झालेली स्त्री ह्यांच्यापैकी कोणाचाही रोग एका अवयवात मावणारा नव्हता. त्यांच्यामुळेच वैद्यकाला अवयवापलीकडे पाहावे लागले, आणि आजच्या रोग्याला त्याचा लाभ मिळतो तो त्याच्याकडे सबंध माणूस म्हणून पाहणारा कोणीतरी असेल तेव्हाच.